कुंभाराच्या परसातली तहान

ज्या वर्षी नदी आटली आणि तिच्या पात्रात पोरं विटीदांडू खेळायला लागली, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या नदीकाठच्या गावात एक कुंभार राहत होता.

कुंभार हाताचा मोठा गुणी, पण स्वभावाने तिरसट. नाकावर राग आणि जिभेवर मिरची. गिऱ्हाइकाने माठ वाजवून पाहिला तरी त्याला अपमान वाटायचा. बायको मात्र शांत होती. ती मध्ये पडायची, म्हणून त्याचं कुणाशी भांडण पुरं होत नसे. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, त्यांना एक मुलगी झाली होती. तिचं नाव सगुणा. ती अजून पालथीसुद्धा पडत नव्हती. साऱ्या गावावर डाफरणारा हा बाप तिच्यापुढे बसला की तोंडाने बैलगाडीचे आवाज काढायचा.

घरामागे मोठं परस होतं, आणि परसात माती भिजवायचा खड्डा होता. माती कालवायची, तुडवायची आणि उरलेलं पाणी खड्ड्यातच राहू द्यायचं, ही त्या घराची आज्या-पणज्यापासूनची रीत. त्यामुळे खड्डा बारा महिने ओला असायचा आणि त्याच्या काठावर सकाळपासून वर्दळ असायची. साळुंक्या यायच्या, खार यायची. कुंभारीण माश्या घरट्यासाठी चिखलाचा कण उचलून न्यायच्या. परसाच्या टोकाला उंबराचं झाड होतं, त्याच्या उंच फांदीला आग्या मोहोळ लटकलेलं होतं. त्या माश्याही काठच्या ओल्या मातीवर ओळीने बसून पाणी चोखायच्या. कुंभाराने त्यांना कधी बोलावलं नाही आणि कधी हाकललंही नाही. आपण इतक्या जीवांना पाणी पाजतो आहोत, हे त्या भल्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

त्या वर्षी पावसाने दडी मारली. गावात एकाच विहिरीला पाणी राहिलं. पाटलांनी विहिरीवर राखण बसवली आणि घरटी दोन घागरी ठरवून दिल्या. कुंभाराला तेवढी एक घागर जास्त मिळायची, आणि त्यालाही कारण होतं. एका व्यापाऱ्याला चार वाटांच्या फाट्यावर पाणपोई घालायची होती आणि तिचे रांजण हा कुंभार घडवत होता.

"वाटसरूंच्या तोंडी पानी पडंल," पाटील म्हणाले होते. "ही घागर त्याची. तिला दुसऱ्या कशापायी हात लावायचा न्हाई."

बाकीचे रांजण झाले होते. शेवटचा तेवढा राहिला होता. रांजण काही एका दमात होत नाही. आधी खालचा घेर उभा करायचा, तो जरा धरला की त्याच्यावर पुढची माती चढवायची आणि थापीने ठोकत ठोकत गळ्यापर्यंत न्यायची. मात्र जोडाचा काठ ओला राहायला हवा. तो वाळला की वरची माती धरत नाही आणि रांजण तडकतो. म्हणून कुंभार अर्ध्या रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळून ठेवायचा आणि दिवसभर त्यावर पाणी शिंपडायचा.

माती कालवायला पाणी नाही म्हटल्यावर खड्डा वाळला. त्याच्या तळाला भेगा पडल्या. साळुंक्या दोन दिवस येऊन काठावर नुसत्या उभ्या राहिल्या आणि मग यायच्या बंद झाल्या. खार दिसेनाशी झाली. आग्या माश्यांना मात्र ओलं गोणपाट सापडलं.

आधी चार-दोन आल्या, मग थवाच येऊ लागला. गोणपाटाच्या धाग्याधाग्यावर माश्या बसायच्या. कुंभार थापी उचलायचा तर थापीवर माशी, गोळ्याला हात घालायचा तर गोळ्याखाली माशी.

"अवं, तहानल्यात त्या," बायको म्हणाली. "एका खापरात घोटभर पानी बाजूला ठिवू या. तिकडं जात्याल."

"मानसाला प्यायला न्हाई आन् माश्यांना पानी!" कुंभार खेकसला. "उद्या म्हनशील इंचवाला गूळ चार."

बायकोने वाद घातला नाही. तिने आपल्या वाटणीच्या पाण्यातलं थोडं एका वाटीत ओतलं आणि वाटी उंबराखाली नेऊन ठेवली. कुंभाराने ते पाहिलं. तो उठला, तरातरा गेला आणि वाटीतलं पाणी आणून गोणपाटावर ओतलं. एवढ्यावर भागलं असतं, पण ओतताना त्याचा अंगठा एका माशीवर पडला आणि तिने डंख मारला. अंगठा टरटरून सुजला आणि त्या दिवशी त्याला थापी धरता आली नाही.

मग तो इरेला पेटला. त्याने अर्धा रांजण ढकलत ढकलत परसातल्या खोपटात नेला. पाण्याची घागरही आत नेली. खोपटाचं दार लावलं, कुडाच्या फटी शेणामातीने लिंपल्या आणि घरातल्या पाण्याच्या भांड्यांवर झाकणं ठेवून त्यावर दगड ठेवले. परसात ओलं म्हणून काही उरलं नाही. माश्यांनी दिवसभर खोपटाभोवती घिरट्या घातल्या, दारावर धडका दिल्या आणि संध्याकाळी निघून गेल्या.

"दिसती का आता येक तरी?" कुंभार मिशीला ताव देत म्हणाला. "दार लावलं की सगळी वठणीवर येत्यात."

"पर त्या गेल्या कुठं?" बायकोने विचारलं.

"जाऊ देत मसनात. मला काय त्याचं?"

तरी त्याच्या मनातला राग गेला नव्हता. तो तेली आणि सुतार या आपल्या दोन शेजाऱ्यांकडे गेला, सुजलेला अंगठा दाखवला आणि म्हणाला, "ते मोहोळच जाळून टाकू. उद्या दिस कलताना पलिते घिऊन या." तेल्याला असली कामं फार आवडायची. त्याने लगेच पलित्यांना तेल द्यायचंही कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून हवा अगदी तापली. पत्र्यावर टाकलेले हरभरे आपोआप भाजले जावेत असं ते ऊन. सगुणा उकाड्याने किरकिर करत होती. बायकोने तिला पाजलं, परसाकडच्या पडवीत टांगलेल्या झोळीत निजवलं आणि आपल्या वाटणीच्या ओंजळभर पाण्यात एक फडकं भिजवून झोळीवर पसरलं. गार वाटलं तसं पोर निवांत झालं. बायको चुलीपाशी वळली. कुंभार खोपटात होता. अंगठ्याची सूज उतरली होती, रांजणाचा जोड सुरेख बसत चालला होता, आणि अजून थोडं काम झालं की गळाच काय तो राहणार होता.

ठोकता ठोकता तो थांबला. बाहेरून एक आवाज येत होता. जात्यावर कुणी दूर कुठे दळत असावं तसा बारीक, न तुटणारा आवाज.

कुंभार दार उघडून पडवीत आला.

झोळीवरचं पांढरं फडकं दिसत नव्हतं. त्याच्या जागी काळसर-पिवळं काहीतरी हलत होतं. आग्या माश्या! एकीवर एक, शेकड्यांनी बसल्या होत्या आणि ओलं फडकं चोखत होत्या. त्याची कड झोळीत लोंबत होती. तिच्यावरून काही माश्या आत उतरल्या होत्या. सगुणा जागी होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात दूध ओघळलं होतं, त्यावर एक माशी बसली होती. दुसरी डोळ्याच्या कडेला, जिथे ओल असते तिथे.

झोळीपासून दोन हातांवर तिची आई उभी होती. तिचा एक हात पुढे झालेला होता आणि तिथेच थांबला होता.

"हलू नगा," ती ओठ न हलवता म्हणाली. "येक जरी चिडली तर साऱ्या तुटून पडत्याल."

कुंभार होता तिथेच थांबला. आग्या मोहोळ उठलं की धट्टाकट्टा बैल वाचत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. इथे तर टाळू न भरलेलं पोर होतं. त्याला धावत जाऊन पोरीला उचलावंसं वाटत होतं आणि तेवढंच करायचं नव्हतं.

सगुणाने पाय झाडला. झोळी हलली. माश्या एकदम 'हुंऽऽ' करून फडक्यावरून वितभर उठल्या. कुंभाराने डोळे मिटून घेतले. आवाज खाली आला तेव्हा त्याने ते उघडले. माश्या परत बसल्या होत्या. पण पोरीचा खालचा ओठ बाहेर आला होता. आता ती रडणार, हे आईबापाला कळलं. ती रडली असती तर ओठावरच्या माशीचं काय झालं असतं आणि मग साऱ्या मोहोळाचं, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

बायकोने हळूच अंगाई धरली. एरवी ती म्हणायची तीच, पण इतक्या हलक्या आवाजात की माश्यांच्या गुणगुणीत ती मिसळून गेली. पोरीने आईच्या दिशेने डोळे वळवले. ओठ थरथरला आणि थांबला.

नेमक्या त्याच वेळी परसाच्या कुंपणाकडून मोठमोठ्याने बोलण्याचा आवाज आला. तेली आणि सुतार आले होते. तेल्याच्या हातातला पलिता पेटलेला होता आणि त्याचा काळा धूर पुढे पुढे पडवीकडे येत होता.

"कुंभारदादाऽ! कुठं हाय तुजं मोहोळ? आज त्येचा बारच उडवू!"

कुंभाराला वाटलं, आपणच बोलावलेला काळ आपल्या दारात आला. तो पावलं न वाजवता त्यांच्याकडे गेला. धावावंसं वाटत होतं, तरी धावला नाही. तेली आणखी काही बोलणार तोच कुंभाराने त्याच्या तोंडावर हात ठेवला, पलिता हिसकावून घेतला आणि वाळक्या खड्ड्यातल्या धुळीत खुपसून विझवला.

"आरं, डोस्कं फिरलं का तुजं?" तेली चिडला.

कुंभाराने नुसतं बोट दाखवलं. तेल्याने पडवीकडे पाहिलं आणि तो एक पाऊल मागे सरला. सुताराने आपला न पेटवलेला पलिता हळूच जमिनीवर ठेवला.

"आता रं?" सुतार पुटपुटला.

कुंभाराने बायकोकडे पाहिलं. ती अंगाई म्हणतच होती, पण तिची नजर त्याच्याकडे नव्हती. ती फडक्याकडे पाहत होती. कुंभारानेही तिकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. उन्हाच्या झळांनी फडकं कडेकडेने वाळत चाललं होतं. वाळलेल्या जागेवरच्या माश्या सरकत सरकत ओल असेल तिथे जात होत्या. थोड्या वेळाने फडक्यात ओल राहणार नव्हती. मग ओल फक्त पोरीच्या ओठांत आणि डोळ्यांत राहिली असती.

पाणी हवं होतं त्यांना. दुसरं काहीही नको होतं.

घरातल्या घागरी रिकाम्या होत्या, शेवटचं ओंजळभर पाणी त्या फडक्यालाच गेलं होतं. पाणी होतं ते खोपटातल्या घागरीत. तिला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही असं पाटलांनी बजावलं होतं, आणि ती गेली की रांजणही जाणार होता. कुंभाराने त्याचा विचार केला नाही असं नाही. दारात पाऊल ठेवताना त्याची नजर त्या सुरेख बसलेल्या जोडावर गेली. मग त्याने रांजणाभोवतीचं गोणपाट ओढून काढलं, दुसऱ्या हाताने घागर कमरेवर घेतली आणि तो बाहेर आला.

पडवी आणि उंबर यांच्या मधोमध त्याने गोणपाट अंथरलं. त्यावर अर्धी घागर रिकामी केली आणि तो मागे सरून उभा राहिला.

एकही माशी आली नाही.

गोणपाटातून पाण्याचा ओघळ निघाला आणि तहानलेल्या मातीत जिरून गेला. तेल्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण त्याला तो पुसायचा धीर होईना. अंगाई सुरूच होती. बायकोचा आवाज आता कोरडा पडला होता आणि मधूनच चिरकत होता. कुंभार मनातल्या मनात म्हणत होता, 'या गं बायांनो, या. चुकलं माझं. मी तुमचं पानी बंद केलं, माज्या पोरीला कशाला त्येची शिक्षा?' ज्यांना काल मसनात धाडलं होतं त्यांची आज तो अशी विनवणी करत होता.

त्याने उरलेलं पाणीही ओतलं. घागर उपडी करून शेवटचा थेंब झटकला.

तेव्हा कुठे एक माशी आली. गोणपाटाभोवती फिरली, टेकली, थोडा वेळ बसून राहिली आणि उडून गेली. पुन्हा कुणीच नाही. मग उंबराकडून तीन-चार आल्या. त्यांच्या मागून आणखी आल्या. आणि मग फडक्यावरचीही एक उठली, पाठोपाठ दुसरी उठली. फडकं एका कडेने पांढरं दिसू लागलं.

इतक्यात सगुणाला शिंक आली.

झोळीवरच्या आणि आतल्या माश्या एकदम उठल्या. माश्यांचा तो गोळा पडवीच्या आढ्याखाली घोंगावला, एकदा बायकोच्या डोक्यावरून फिरला, तिच्या केसांत दोन अडकल्या. तिने पापणीसुद्धा हलवली नाही. गोळा जरा पसरला, लांबट झाला आणि ओल्या गोणपाटाच्या दिशेने निघून गेला. केसांतल्या दोघींनीही आपली वाट शोधली.

एकच माशी राहिली, पोरीच्या ओठावरची. शिंक आली तरी ती हलली नव्हती. दुधाचा शेवटचा ठिपका तिने चोखून घेतला, पुढच्या पायांनी तोंड पुसलं आणि ती उडाली.

आईने झडप घालून लेकीला उचललं आणि ती घरात पळाली. दार लागलं. आतून आधी पोरीचं रडणं ऐकू आलं, मग आईचं. बाहेर कुंभार मटकन खाली बसला. त्याला हुंदका आला आणि शेजाऱ्यांसमोर तो लपवावा हेही त्याला सुचलं नाही.

काही वेळाने खोपटातून 'टच्च' असा आवाज आला. रांजणाचा जोड तडकला होता. कुंभाराने मान वळवूनही पाहिलं नाही.

तेल्याला आता पुन्हा जोर चढला. "चल, बरं झालं. पोरगी वाचली. आता निम्म्या माश्या खाली पान्यावर हायती, तवर वरचं पोळं पेटवून टाकू. कटकट मिटंल."

"न्हाई," कुंभार म्हणाला.

"आरं, आता तुझी लेक खाल्ली असती त्यांनी!"

"त्या माज्या झोळीपतूर आपनहून आल्या न्हाईत, मी त्यास्नी आनल्या." कुंभार डोळे पुसत उठला. "आधी खड्ड्यावर पीत हुत्या, तवा कुनाला चावल्या का? खड्डा वाळला, गोनपाटावर आल्या. मी गोनपाट कोंडलं. वाटी ठिवली ती ओतून दिली. समदी दारं लावली आन् म्हनलं, संपलं. तहान काय दार बघून माघारी जाती व्हय? तिनं माझ्या लेकीचं तोंड हुडकलं. पोळं जाळशील बाबा. उद्या गांधीलमाशी येईल, इंचू येईल, जनावर येईल ओलीच्या वासानं. कुनाकुनाला जाळशील?"

तेली म्हणाला, "आन् पाटलाला काय सांगशील? त्या व्यापाऱ्याला?"

"सांगीन खरं हाय ते. येक रांजन कमी पडला. पानपोईचंच पानी हुतं, तहानलेल्यालाच गेलं. रागं भरले तर भरू देत."

कुंभार परसाच्या कोपऱ्यात गेला. तिथे फुटक्या माठांचा ढीग होता. त्यातून त्याने एका माठाचं पसरट बूड निवडलं आणि ते उंबराखाली सावलीत नेऊन ठेवलं. बायको पोरीला खांद्यावर घेऊन दारात आली होती. तिने खालचे चार खडे वेचले आणि त्या बुडात टाकले.

"नुसतं पानी ठिवलं तर बुडून मरत्यात," ती म्हणाली. "पाय टेकाया जागा लागती त्यास्नी. आन् रोजच्या रोज घालावं लागंल. येक दिस घातलं आन् चार दिस इसरलं, तर परत झोळीच हुडकत्याल."

"माझ्या वाटनीतलं घालीन," कुंभार म्हणाला. हे बोलताना त्याच्या आवाजात खेकसणं नव्हतं, याचं बायकोला फार नवल वाटलं.

तेली आपला विझलेला पलिता धुळीतून उपसत होता. सुतार मात्र जागचा हलला नव्हता. तो कधीचा त्या रिकाम्या झोळीकडे पाहत होता. त्याने सकाळीच आपल्या दारातली ढोरांना पाणी पाजायची कुंडी पालथी घालून ठेवली होती. गाय विकल्यावर उगीच कशाला पाणी घालायचं, म्हणून. आता त्याचा चेहरा उतरला. तो ढिगाऱ्यापाशी गेला, वाकला आणि एक खापर उचलून घेतलं.

"कुंभारदादा, ह्ये मी नेतो," तो म्हणाला. "माझ्याबी घरात पाळना हाय."

आणि तो आला होता त्याच्या दुप्पट घाईने घराकडे निघाला.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: तहानलेल्या जीवाला आपण दार लावलं म्हणून त्याची तहान संपत नाही, ती दुसरं दार शोधते, आणि ते दार आपल्याच लेकराचं असू शकतं. म्हणून दुष्काळात घोटभर पाणी दाराबाहेर ठेवावं, आणि ते रोज ठेवावं.